मशीनपलीकडचं बोलणं

दिनेशने चालत्या एम्ब्रॉयडरी मशीनवरचा एक दोरा कात्रीने कापला आणि सगळे एकदम खूश झाले. रंगनाथला त्याचं कारण कळलं नाही. मशीन थांबलं हे त्याने पाहिलं. मधल्या एका हेडवर हरभऱ्याएवढा तांबडा दिवा लागला, तोही पाहिला. कामाला येणाऱ्या लंकाबाईने गालाला हात लावला, त्याच्या बायकोने, ज्योत्स्नाने, लहान मुलीसारखी टाळी वाजवली, आणि दिनेश त्याच्याकडे वळून मिशीखालून काहीतरी बोलला. या माणसाच्या मिशीचा रंगनाथला पहिल्या दिवसापासून राग होता. एवढी झुपकेदार मिशी, वर तोंडात गुटख्याचा बार. बोलतो कसला, नुसता चघळतो. "काय?" रंगनाथ म्हणाला. दिनेशने बार गालात सरकवला. "आवाज आला ना शेठ, बझरचा? दोरा तुटला की मशीन आपोआप बंद, आणि हा कोकलणार. तुम्ही आता खुशाल चौकात चहा पीत बसा. तिथपर्यंत ऐकू येईल." आणि हौसेने त्याने दुसऱ्या हेडचाही दोरा कापून दाखवला. पुन्हा तांबडा दिवा. लंकाबाईने या वेळी हसत हसत कानांत बोटं घातली. नव्या पॅनेलवर एक काळी गोल चकती होती, तिच्यावर दिनेशने बोट ठेवलं, म्हणून रंगनाथनेही ठेवलं. बोटाखाली काहीतरी थरथरत होतं, मुठीत धरलेल्या भुंग्यासारखं. कानात मात्र काहीही नव्हतं. "आला की," तो म्हणाला, "चांगला खणखणीत आहे." खणखणीत हा शब्द त्याने लंकाबाईच्या कानांतल्या बोटांवरून काढला होता.

दिनेश मूळचा मनमाडचा, आता भिवंडीच्या एका कंपनीत होता. जुनी एम्ब्रॉयडरी मशीनं नवी करून देणं हाच त्याचा धंदा. रंगनाथचं मशीन जपानी, बारा हेडचं, सुरतेच्या एका कारखान्याने फेकायला काढलेलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत त्याने ते आणलं आणि नाशिकच्या द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांना लागून, पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. एका ओळीत बारा हेड, प्रत्येकाची सुई वेगळी, पंगतीला बसल्यासारखे, आणि बाराही जण एकाच वेळी एकच फूल भरायचे. उन्हाळ्यात शाळांच्या गणवेशांचे खिसे, मग येवल्याच्या व्यापाऱ्यांचे ब्लाउजपीस, गणपतीच्या आधी मंडळांचे झेंडे. दोरा तुटला की ओळखणारे मूळचे सेन्सर सुरतेतच मेलेले होते. नक्षी यायची ती भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून, आणि ती पट्टी वाचणारी डबी हल्ली वर्षातून चारदा आजारी पडायची. तिचा भाग जपानमध्येसुद्धा मिळत नाही म्हटल्यावर ज्योत्स्नानेच विषय काढला होता. तिनेच दिनेशचा पत्ता मिळवला, तिनेच त्याच्याशी घासाघीस केली. आता कागदी पट्टी गेली, तिथे फ्लॉपी घालायची फट आली. प्रत्येक हेडला नवा सेन्सर आला, मोटर नवी आली, फ्रेम ओढणारी जुनी गुरगुरणारी यंत्रं गेली, आणि मशीनच्या पायांखाली जाड रबराच्या गाद्या बसल्या. पूर्वी मशीन सुरू झालं की पत्रे थडथडायचे आणि शेजारचा टायरवाला शिव्या द्यायचा. आता तोच टायरवाला दुपारी येऊन, बंद पडलं का काय, म्हणून डोकावून गेला. "मशीन शांत झालं ना," ज्योत्स्ना आधी घरी म्हणाली होती, "की काम करता करता दोन शब्द बोलता येतील. लग्नाला बारा वर्षं होत आली, आणि बोललो किती आपण?" रंगनाथने तेव्हा हो म्हटलं. हो म्हणताना पोटात एक बारीक गोळा आला होता, तो त्याने खर्चाच्या नावावर टाकला.

तो गोळा खर्चाचा नव्हता, हे आता त्या काळ्या चकतीवर बोट ठेवल्यावर कळलं. रंगनाथच्या मते गेल्या काही वर्षांत माणसांचं बोलणंच बिघडलं होतं. लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. बँकेतला साहेब, रेशनवाला, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाया, सगळ्यांना जणू ओठ उघडायचा कंटाळा. मुळात नाशिकच बिघडलं होतं. बिल्डर आले, मळे गेले आणि मळ्यांबरोबर रातकिडेही गेले, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि चारचौघे मान डोलवायचे, त्यामुळे त्याला ते खरंच वाटत आलं. कुकरच्या शिट्ट्या तो वाफ बघून मोजायचा. ज्योत्स्ना न्हाणीघरातून विचारायची, किती झाल्या? पण ती असं विचारत असणार हे त्याला माहीत होतं म्हणून तो उत्तर द्यायचा, की विचारलेलं ऐकू यायचं म्हणून, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. द्वारकेवरच्या ट्रकांचे भोंगे त्याला स्पष्ट ऐकू येत होते. रिक्षांचे येत नव्हते, तर रिक्षावाले सुधारले असतील. माणूस स्वतःला किती प्रकारे समजावू शकतो, आणि तेही न कळता! आता दिनेश सामानाची पेटी आवरत होता, लंकाबाई नव्या मशीनला हळदकुंकू लावत होती, आणि रंगनाथ उभ्या उभ्या रातकिडे, शिट्ट्या, रिक्षा, बातम्या देणाऱ्या बाया असं एकेक परत गोळा करत होता. रातकिडे गेले नव्हते. ते घराच्या मागे रोज ओरडत असणार आणि तो खिडकीत उभा राहून बिल्डरांना शिव्या देत असणार. त्याला हसू आलं आणि लगेच भीती वाटली.

पण शेडमध्ये तो कधी बहिरा नव्हता. ही गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. जुन्या मशीनच्या त्या गोंगाटात सगळेच बहिरे होते, आणि त्यातल्या त्यात सगळ्यांत तयार तोच होता. तिथे बोलायचं म्हणजे समोर यायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड मोठं उघडायचं. शब्द थोडे. थांब. दोरा. बॉबिन. जेव. घरी ज्योत्स्ना त्याला अहो म्हणायची, पण गोंगाटात अहो कुठे मावणार, तिथे ती सरळ 'ये' म्हणायची, 'बघ' म्हणायची. हे तिला स्वतःला कधी जाणवलं की नाही कोण जाणे. त्याला मात्र ते आवडायचं, आणि ती सकाळी डबा भरायला लागली की त्याला शेडमधल्या त्या बाईची ओढ लागायची, घरातली शेजारीच उभी असताना. तोंड दिसत नसेल तर टेबल होतं. मशीनच्या लांब लाकडी टेबलावर हाताचा एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू कर. सुईखाली कोणाचा हात असेल तर तिचे दोन ठोके आल्याशिवाय रंगनाथ मशीन चालू करायचा नाही, मग बाहेर टेम्पोवाला कितीही घाई करो. ठोका कानाला कुठून ऐकू येणार? तो तळहाताला कळायचा, पायांना कळायचा. तो अनवाणीच काम करायचा. एखाद्या हेडचा दोरा तुटला की फरशीतून येणारी थरथर एका जागी जरा पोकळ लागायची, आणि तो नेमका तिकडे चालू लागायचा. लंकाबाई म्हणायची, "भाऊच्या अंगात देव येतो." आता पायांखाली, म्हणजे मशीनच्या पायांखाली, रबराच्या गाद्या होत्या. फरशी नुसती फरशी झाली होती. थंड.

आणि एक गोष्ट होती, जी कोणालाच माहीत नव्हती. ज्योत्स्ना मशीनच्या पलीकडे उभी असायची, सहाव्या-सातव्या हेडच्या मागे, सुटे दोरे कापत. गोंगाट पूर्ण चढला की ती एकटीच बोलायची. माणूस न्हाणीघरात गातो तसं. बाजूला उभं राहूनही कोणाला काही ऐकू येणार नाही, याची खात्री असल्यामुळे ती मनात येईल ते तोंडाने बोलून टाकायची. रंगनाथ पॅनेलजवळ उभा राहून ते सगळं वाचायचा. सुरुवातीला गंमत म्हणून. सासूला दिलेली उत्तरं, जी घरात कधी दिली गेली नाहीत. बहिणीला मारलेले टोमणे. भाजी काय करू, परत वांगीच का, मेल्या वांग्यांनी जीव नको केलाय. संध्याकाळी तो वांगी सोडून दुसरं काहीतरी घेऊन यायचा आणि ती म्हणायची, "अगदी मनातलं ओळखलंत." तो फुशारून जायचा. त्या दिवसांत आपण आपल्या बायकोला जितकं ओळखतो तितकं नाशकात कोणी ओळखत नसेल असं त्याला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं. मग मूल झालं. मुलगी. दवाखान्यातून घरी आलीच नाही. नाव ठेवायची वेळच आली नाही, असं सगळे म्हणाले, तोही म्हणाला. गणवेशांचे दिवस होते, ऑर्डर अंगावर होती, तो तिसऱ्या दिवशी मशीनवर उभा राहिला. महिन्याभराने ज्योत्स्नाही येऊन आपल्या जागी उभी राहिली. मशीन चढलं, आणि तिने ओठ उघडले. सायली, ती म्हणाली. बघ, आज निळी बदकं भरतोय, बालवाडीचे खिसे आहेत. सायली, ऊन बघ किती आहे. रोज. पावसाळाभर, हिवाळाभर. रंगनाथला आपल्या मुलीचं नाव असं कळलं, मशीनपलीकडून, आणि ते आपल्याला कळलंय हे तिला सांगायची हिंमत त्याला कधी झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते सांगण्याची वेळ निघून गेली. सांगितलं असतं तर तिने बोलणं थांबवलं असतं. आणि त्याला तर त्या नावाची सवय लागली होती.

त्याच वर्षी एका दुपारी, बदकं नव्हती, कसलीतरी कमळं होती, ती फ्रेमकडे बघत म्हणाली होती, "हा मेला तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं नाही." हा म्हणजे कोण, यात शंका नव्हती. सकाळी भांडण झालं होतं. शेडमध्ये पुरुष तो एकटाच. तिचा चेहरा रागावलेलाही नव्हता. दोरा कापावा तसं तिने ते वाक्य कापून टाकलं आणि पुढच्या हेडकडे गेली. रात्री तिने त्याला गरम भाकरी वाढली, वर तूप घातलं, आणखी अर्धी घ्या म्हणाली. तो जेवला. त्यानंतरही तो तिच्याबरोबर रोज जेवत आला, आजारपणात ती त्याच्या उशाशी बसून राहिली, तिने त्याच्यासाठी सोमवार धरले, आणि ते एक वाक्य इतकी वर्षं त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. तिला विचारता येत नव्हतं. विचारायचं तर कुठे ऐकलं हे सांगावं लागलं असतं, आणि मग सायलीचंही सांगावं लागलं असतं. लोकांना वाटतं बहिऱ्या माणसाला कमी कळतं.

नव्या मशीनचे पहिले दिवस बाकी सगळ्यांना सणासारखे गेले. लंकाबाईने घरून छोटा रेडिओ आणला. तिच्या पेठकडच्या गावातल्या गोष्टी, कोणाची म्हैस, कोणाची सून, सगळं आता मशीन चालू असताना रंगू लागलं. कामाला आणखी दोघी येत होत्या, त्याही खुलल्या. "भाऊ, लय बेस झालं बघा," लंकाबाई समोर येऊन म्हणाली, "पयले घरी गेलं तरी डोक्यात मशीनच फिरं. आता झोप लागती." समोर येऊन म्हणाली म्हणून कळलं. बाकी कोणी समोर येत नव्हतं. खांद्याला हात लावत नव्हतं. बायका दोरे ओवता ओवता, पाठमोऱ्या, मान खाली घालून बोलत, आणि एकीचं हसू दुसरीकडे जाताना रंगनाथला फक्त खांदे हललेले दिसत. टेबलावरचे ठोके आठवड्याभरात बंद झाले. कशाला हात दुखवायचा, नुसतं "हं, झालं" म्हटलं की पुरे. तो कोपऱ्यात उभा राहायला लागला, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतील. तांबड्या दिव्यांवर नजर ठेवायला लागला, घारीसारखी, दिवसभर, डोळे चुरचुरेपर्यंत. तरी दिवा लागून बझर कोकलत असायचा आणि तो दुसरीकडे बघत असायचा, आणि मग कोणीतरी येऊन बटण दाबायचं. बायका एकमेकींकडे बघायच्या. शेठचं लक्ष नसतं हल्ली. हे त्याने वाचलं. एकीने तोंड वळवायला उशीर केला म्हणून.

ज्योत्स्ना तर सुटलीच होती. बोलत होती. दोऱ्यांच्या खोलीतून, झाडू मारताना, पॅनेलजवळ त्याच्या मागे उभी राहून, ती काय काय सांगत असायची. त्याला ते तिच्या अर्धवट वळलेल्या गालावरून कळायचं. इतकी वर्षं साठवलेलं ती त्याच्या पाठीवर ओतत होती, आणि तो अंदाजाने हं, हो, बघू, असं करत होता. एकदा त्याने हो म्हटल्यावर ती इतकी आनंदाने हसली की आपण कशाला हो म्हटलं या विचाराने त्याला झोप आली नाही. दोन दिवसांनी कळलं, कळवणला तिच्या मामेबहिणीकडे लग्नाला जायचं ठरलं होतं, सगळ्यांनी, मशीन बंद ठेवून. ठीक आहे, जाऊ. पण एक गोष्ट थांबली होती, आणि त्याला तीच जास्त लागली. ती आता एकटी बोलत नव्हती. बायकांना ऐकू गेलं असतं ना. तिचे ओठ आता घरातल्यासारखेच मिटलेले असत, काम नसेल तेव्हा. सायली कुठे गेली? तो मशीनच्या या बाजूने तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि तिने वर बघून काय म्हणून भुवई उडवली की काही नाही म्हणायचा. लग्नाची बायको डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरावर, आणि त्याला वाटायचं कोणीतरी तिला दूर नेऊन ठेवलंय. रबराच्या गाद्या काढून फेकाव्यात, जुनी मोटर भंगारवाल्याकडून परत आणावी, असले वेडे विचार त्याच्या डोक्यात यायचे. तिला सांगून टाकावं, हा एकच शहाणा विचार होता. कानाच्या डॉक्टरची पाटी तो शालिमारकडे जाताना रोज वाचत होता. पाटीखाली थांबायचा आणि पुढे जायचा.

ज्या दुपारी ते झालं, ती साधी दुपार होती. शाळेचे खिसे चालू होते. नवव्या हेडचा दिवा लागला, त्याने तो वेळेवर पाहिला, आणि त्याचं त्याला समाधान वाटलं. लंकाबाईने दोरा ओवला, मान वर केली, त्याच्याकडे बघून मान हलवली. तोंडही हललं, झालं म्हणाली. तो पॅनेलकडे वळला. तेवढ्यात लंकाबाईला दोरा पिळलेला दिसला असणार, तिने परत बोट सुईखाली घातलं. आणि ओरडली. थांबा भाऊ, असं ती ओरडली हे त्याला नंतर समजलं. त्याने हिरवं बटण दाबलं. टेबलावर ठेवलेल्या डाव्या हाताला एक झटका कळला, जुना, ओळखीचा, पोकळ, आणि तो वळेपर्यंत ज्योत्स्ना दोऱ्यांच्या खोलीतून धावत येऊन तांबडं बटण दाबत होती. लंकाबाई ओरडत नव्हती. ती आपल्या बोटाकडे बघत होती. नखातून आरपार गेलेली सुई तुटून आत राहिली होती, आणि शाळेच्या पांढऱ्या खिशावर, बोधचिन्हातल्या पणतीच्या जागी, रक्ताचा एवढासा ठिपका पसरत होता.

चौकातल्या डॉक्टरने सुई काढली, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं, हाड वाचलं म्हणाला. रंगनाथचा जीव भांड्यात पडला, पण भांड्यात टिकला नाही. शेडवर परत आले तेव्हा लाइट गेले होते. बाकीच्या दोघींना ज्योत्स्नाने घरी पाठवलं. लंकाबाई घरी जायला तयार नव्हती, ती दारातल्या पायरीवर बसली, चांगल्या हातात चहाचा ग्लास धरून. रंगनाथ मुद्दाम तिच्या समोर उकिडवा बसला. "माझंच चुकलं भाऊ," ती म्हणाली, "पयल्यावानी ठोका द्याया पायजे व्हता. नुसती वरडले. तुमी तरी काय करनार? एवढ्याशा आवाजात कुनाला ऐकू येतंय." ती त्याची बाजू घेत होती. ज्योत्स्ना मागे उभी होती, तिच्या तोंडाकडे त्याने पाहिलं. "एवढ्याशा कुठे?" ज्योत्स्ना म्हणाली. "मला आत ऐकू आलं." एवढंच म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग आत गेली.

तो तिच्या मागे गेला. पत्र्याच्या झरोक्यातून ऊन येत होतं, बारा हेड त्यात चकाकत होते. ती जाऊन आपल्या जुन्या जागी उभी राहिली होती, मशीनच्या पलीकडे, त्याच्याकडे पाठ करून. ती बोलते आहे की नाही हे त्याला कळेना. आता गप्प राहिलं तर लंकाबाईने अंगावर घेतलेली चूक तिच्याच पदरात राहील, आणि उद्या परत कोणीतरी ओरडेल, आणि तो परत हिरवं बटण दाबेल. "ज्योत्स्ना," तो म्हणाला, "तू आत्ता काही म्हणालीस का?" ती वळली. "म्हणाले."

"मला ऐकू आलं नाही. तो बझरही ऐकू येत नाही. पहिल्या दिवसापासून. त्याच्याही आधीपासून. बहुतेक बऱ्याच वर्षांपासून."

तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग तो एकदम मऊ झाला. तिचे डोळे भरून आले हे त्याला त्या अंधुक उजेडातही दिसलं. "अहो, मग सांगायचं नाही का? मी आपली मूर्खासारखी रोज तुमच्या पाठीशी बडबडतेय. आणि माझ्याशी एवढं सगळं बोलता ते कसं?" ती मशीनला वळसा घालून त्याच्याकडे यायला निघाली. त्याच्या मनात आलं, झालं, संपलं, एवढंच तर होतं. त्याला रडावंसं वाटलं. इतकं हलकं त्याला किती दिवसांत वाटलं नव्हतं. "तोंड दिसलं की कळतं," तो म्हणाला. "ओठांवरून. इथेच शिकलो. मशीनवर."

ती तिसऱ्या हेडपाशी थांबली. हात हेडवर तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी मागे मागे जाताना त्याला दिसलं, एकेक वर्ष, एकेक दुपार. "मशीनवर म्हणजे?" ती म्हणाली. "चालू असायचं तेव्हा? मी तिकडे उभी असायचे, तेव्हा?" इथे तो नाही म्हणू शकला असता. त्या एका क्षणात ते त्याला सुचलंही होतं. पण तिचे भरलेले डोळे बघून त्याला वाटलं, आपण तिला काहीतरी द्यावं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं, तिला एकटं वाटू नये असं काहीतरी. "सायलीचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "मलाही तेच नाव आवडलं होतं गं." पायरीवरच्या लंकाबाईने दचकून मान वळवली, त्यावरून त्याला कळलं की तो ओरडून बोलला आहे. बारा वर्षांच्या संसारात ते नाव त्या शेडमध्ये पहिल्यांदा ऐकू जाईल असं उच्चारलं गेलं होतं, तेही असं.

ज्योत्स्ना एक पाऊल मागे गेली. तिचा हात तोंडावर आला आणि तसाच खाली गेला. ती आणखी काहीतरी आठवत होती. ते काय, हे त्याला तिचे ओठ न वाचताही कळलं. ती कमळांची, त्या एका वाक्याची दुपार होती. मग मान वर करून तिने त्याच्याकडे पाहिलं. कोणी परका माणूस खिडकीत उभा आहे हे उशिरा लक्षात यावं, तसं. तिचे ओठ विलग झाले. तो टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे झुकला, एकही शब्द सुटू नये म्हणून. त्याचं झुकणं तिला दिसलं. तिने कमरेला खोचलेला पदर ओढून काढला आणि नाकाखालून तोंडावर घट्ट धरला.

डोळे त्याच्यावरच होते. पदर हलत होता. ती बोलत होती, भराभर, न थांबता, कदाचित रडत, कदाचित नाही. "ज्योत्स्ना, मला दिसत नाहीये," तो म्हणाला आणि टेबलावरचा हात न उचलता तिच्याकडे जायला निघाला. तिने मोकळा हात उचलून टेबलावर आपटला. त्याच्या तळहाताला तो स्वच्छ कळला. एकच ठोका.

तो होता तिथे थांबला. पदर हलत राहिला.